परतीच्या तिकिटापुरते

३ एप्रिल १९८४, मंगळवार. अनगोळ, बेळगाव.

निवृत्तीचा तिसरा दिवस. साडेनऊला पाय आपोआप चपलांत गेले. परत काढले. शनिवारच्या निरोपात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पाच मिनिटं पुढं पळतं. मुख्याध्यापिकेला शोभतं.

दुपारी लेस्टरहून नंदाचं पत्र. पाच वर्षं झाली तिला तिकडं जाऊन. बाळंतपण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. मी यावं म्हणते. जावईबापूंनी तिकीट पाठवतो म्हणून लिहिलंय, पण मी माझ्या पैशानं जाणार. ग्रॅच्युइटी काय लोणचं घालायला ठेवायचीय?

पत्रात पुढं: "आई, पैसे आणण्याच्या भानगडीत पडू नकोस. इथं सगळं कार्डावर मिळतं. सुधाकरनी मलाही एक कार्ड दिलंय." मग सही. सहीच्या खाली, अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात: "आणलेस तर पत्रात लिहू नकोस. आल्यावर मला एकटीला सांग."

चष्मा पुसून परत वाचलं. तेच होतं.

५ एप्रिल, गुरुवार.

जुनी पत्रं काढून बसले. पहिल्या वर्षी आठवड्याला एक. मग महिन्याला. आता दोन महिन्यांनी. मागं एकदा मी रागावून विचारलं होतं, एवढी कसली कामं असतात म्हणून. तिचं उत्तर आलं होतं, "पोस्टात कार्ड चालत नाही गं. तिकिटाला रोख लागते." तेव्हा मी हसले होते, काय पण सबब म्हणून. आज हसू आलं नाही. बी.एस्सी. झालेली माझी मुलगी पत्राच्या तिकिटासाठी नवऱ्याला पैसे मागते.

आणि दोन वर्षांपूर्वीचं. हे गेले तेव्हा माझ्या भावानं, बाळूनं, तार केली होती. नंदा आली नाही. नंतर लिहिलं, "सुधाकर म्हणाले, या महिन्यात तिकिटाचं जमत नाही, पुढच्या वर्षी दोघं जाऊ." पुढच्या वर्षी कुणाला भेटायला? मी तिला कधी बोलले नाही. इथं लिहिते. मला ते लई लागलं होतं, आणि अजून लागतं.

तर ठरलं. मी तिच्या हातात परतीच्या तिकिटापुरते पैसे ठेवून येणार. तिनं परत यावंच असं नाही. पण यायचं झालं तर कुणाला विचारावं लागू नये.

८ एप्रिल, रविवार. निपाणी.

सकाळच्या एस.टी.नं आले. बाळूकडं. धाकटा भाऊ, सायकलचं दुकान, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. नंदाचं त्याला सांगितलं, म्हणजे अर्धंच सांगितलं. पैसे कसे न्यावेत एवढंच विचारलं.

"आक्का, नोटा घे. त्यो चेक का फेक, कागूद हाय त्यो. तिथं कोन वळखतंय तुला? नोट कुनीबी वळखतंय."

"आणि चोरीला गेल्या तर?"

"आईच्या चंचीतनं कवा पैसा गेलाय का?"

मग वहिनीनं, म्हणजे बाळूच्या बायकोनं, ट्रंक उघडून आईची चंचीच काढून दिली. काळी, खणाच्या कापडाची, पाच कप्पे, कडेला गोंडा. अजून तंबाखूचा वास. आई वखारीत तंबाखू निवडायची, तिथल्या सगळ्याच बायकांच्या कमरेला अशी चंची. वरच्या कप्प्यांत सुपारी, चुना, पान. सगळ्यात आतल्या कप्प्यात पैसे. दादांना विडीला पैसे हवे असले की ते चुलीपाशी येऊन उभे राहायचे. आई चंची सोडायची, द्यायची, परत गुंडाळायची. आई आजारी पडली, शुद्धीत नव्हती, औषधाला पैसे पाहिजे होते, चंची उशाशी होती. दादांनी स्वतः हात लावला नाही. मला हाक मारली, "नमे, तुज्या आईच्या चंचीतनं दोन रुपये दे." मी नमू, नर्मदा, तेव्हा दहा वर्षांची. लेकीनं हात घातला तर चालतो, नवऱ्यानं नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही. वखारीतल्या सगळ्या घरांत हे असंच होतं. दारू पिऊन मारणारे नवरेसुद्धा मागून घ्यायचे.

चंची घेऊन आले. बसमध्ये शेजारच्या बाईनं वासावरून ओळखलं, निपाणीच्या काय म्हणून.

१४ एप्रिल, शनिवार.

जयंती. गल्लीत सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, आता बांधकाम खात्यात इंजिनिअर आहे, विचारलं, "बाई, लंडनला जाणार म्हणे?" म्हटलं लेस्टरला. "तेच ते." सगळ्या गल्लीला लंडनच पाहिजे. जाऊ दे.

१६ एप्रिल, सोमवार.

बँकेत दोन तास. परकीय चलन सरकारी नियमाप्रमाणं मिळतं तेवढंच, पासपोर्टावर शिक्का मारून. त्यातलं रोख किती आणि चेक किती, हे मी सांगायचं. साहेब धारवाडकडचे, मराठी बोलतात पण वाट कानडीतून काढतात.

"बाई, क्यॅश नका घेऊ. क्यॅश म्हणजे गेलं की गेलं. हे ट्रॅव्हलर्स चेक. हरवलं तर नंबर सांगायचं, परत मिळतंय. वर एक सही आत्ता माझ्यासमोर करायचं. खाली एक सही तिकडं, त्यांच्यासमोर. दोन सह्या जुळल्या की पैसा."

मला पटलं. माझी सही दुसरं कोण करणार? आणि सगळी रोख नेली तर ती घरात कुठंतरी ठेवावी लागणार, आणि नंदाचं घर म्हणजे जावयाचं घर. चेक कुणाला दिसला तरी माझ्याशिवाय बिनकामाचा. शेवटी जवळपास सगळे चेक, आणि चाळीस पौंड रोख, वाटखर्चाला. बाळूला कळलं तर आठ दिवस बोलणार नाही.

वरच्या सह्या केल्या. साहेब म्हणाले, "सही एकदम शाळेसारखी."

१७ एप्रिल, मंगळवार.

दुपारी चेक काढून बघितले. खालची रेघ मोकळी. तिकडं घाई असणार, गोरा माणूस काचेपलीकडं, मागं रांग, माझा हात कापणार, सही बिघडणार. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या रजिस्टरवर सह्या पुऱ्या, ही माझी तीस वर्षांची शिस्त. साहेब आल्यावर पेन शोधणारी मी नव्हे. म्हणून खालच्याही सह्या करून टाकल्या. सगळ्या जुळल्या. अर्धवट काम मला आवडत नाही.

१२ जून, मंगळवार. मुंबई.

बाळू सोडायला आला. रात्रभर गाडीत बोलत होता. विमानतळावर शेवटी म्हणाला, "चंची कमरंला हाय न्हवं?" आहे म्हटलं. मग रडला. मीच त्याला समजावलं. जायची मी आणि रडायचा हा.

१३ जून, बुधवार. लेस्टर.

विमानात झोप नाही. उतरल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, पैसे किती आणलेत. चेकचं पाकीट दाखवलं. बघितलं, परत दिलं. नंदा सातवा संपून आठव्यात दिसते, खरं तर भरत आलेत. तोंड उतरलंय. सुधाकरराव स्वतः गाडी घेऊन आले होते, वाकून नमस्कार केला. माझी बॅग मला उचलू दिली नाही. माझ्या खोलीत उबेचं यंत्र नवीन आणून ठेवलंय. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

१६ जून, शनिवार.

मोठ्या दुकानात गेलो तिघं. कार्ड बघितलं. हातभर यंत्र, त्यात कार्ड ठेवायचं, वर कागद, आणि खटकन् दांडा इकडून तिकडं. अक्षरं कागदावर उमटतात. मग सही. पैसा कुठं दिसतच नाही. मला मजा वाटली. सु.राव म्हणाले, "आई, यात चोरीची भीती नाही, सुटे नकोत, आणि महिन्याला सगळ्याची यादी घरी येते. कुठं, कधी, किती."

यादी म्हणताना त्यांचा चेहरा खुलला. नंदा लोण्याच्या डब्याची किंमत बघत होती.

१८ जून, सोमवार.

यादी बघितली. ते जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसतात, प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. मी वह्या तपासायचे तशी. मध्येच, शांतपणानं, "हे बारा तारखेचं केमिस्टकडचं काय?" नंदा सांगते. ते मान हलवतात, खूण करतात. ओरडणं नाही, काही नाही. पण तिला प्रत्येक ओळीला उत्तर द्यावं लागतं. तिच्या कार्डाचंही सगळं त्याच यादीत.

नंतर मला त्यांनी सांगितलं, वडील इचलकरंजीला मागावर होते, महिनाअखेर घरात खडखडाट. पोरगा बोर्डिंगात राहून शिकला. दोन भावांची शिक्षणं अजून हेच करतात. म्हणून हिशेब. मला समजतं. माझंही घर तसलंच होतं. पण आमच्या घरात एक चंची होती.

२० जून, बुधवार.

ते कामावर गेल्यावर नंदाला सांगितलं. चेक आणलेत, तुझ्यासाठी, परतीच्या तिकिटापुरते. ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "दादांच्या वेळी मी विमानाच्या ऑफिसपर्यंत चालत गेले होते, आई. कार्ड होतं पर्समध्ये. त्या बाईनं विचारलं, काढू का तिकीट? मी म्हटलं, नवऱ्याला विचारून येते. आणि परत आले."

ती आपल्या वडलांनाही दादा म्हणायची. आमच्यात तसंच.

मी तिला जवळ घेतलं. पोट मध्ये येत होतं.

उद्या बँकेत जायचं ठरवलं. चेक वटवायचे, रोख तिला द्यायची.

२१ जून, गुरुवार.

झालं.

सकाळी सु.राव निघता निघता म्हणाले, "आई, तुमच्या चेकचे नंबर वेगळे लिहून ठेवतो, हरवले तर उपयोगी." किती शहाणी सूचना. दिले पाकीट. त्यांनी उघडलं आणि चेहराच बदलला.

"आई, दोन्ही सह्या तुम्ही आधीच केल्यात?"

"हो. घोळ नको म्हणून."

"अहो, आता हे नोटेसारखे झाले! कुणालाही सापडले तर तो आपलं नाव घालून वटवेल. घरात ठेवणं बरोबर नाही."

खरंच काळजीनं म्हणाले. पाकीट खिशात घातलं. माझी अक्कल मला दिसत होती. नंदा दाराशी उभी. संध्याकाळी पावती घेऊन आले, खात्यात भरले म्हणून. "आता निर्धास्त. तुम्हाला काय लागेल ते सांगा, कार्ड आहेच."

तीस वर्षं मुलांना सांगितलं, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, तिकडं, त्यांच्यासमोर. मीच शहाणी. मला माझाच इतका राग आलाय की जेवण गेलं नाही. बाळूच्या नोटा बऱ्या होत्या. त्याला हे कधीही सांगणार नाही.

२४ जून, रविवार.

नंदाच म्हणाली, "जाऊ दे गं आई." हे जाऊ दे मला ओळखीचं वाटलं, माझ्याच तोंडचं. मी ते तिला शिकवलं नव्हतं.

१० जुलै, मंगळवार.

मुलगी. पहाटे. दोघी खुशाल. काळंभोर जावळ, नाक थेट ह्यांचं. सु.राव काचेतून बघत उभे होते, डोळे पुसत. मला म्हणाले, "आई, माझ्या आईला दाखवायला हवी होती." त्यांची आई ते कॉलेजात असताना गेली. मी पाठीवर हात ठेवला. आज त्यांच्यावर राग धरवला नाही.

२२ जुलै, रविवार.

नाव सुजाता. घरातच वंदना म्हटली, मी आणि ओळखीची दोन घरं. खीर केली. इथलं दूध पातळ.

आज धीर करून विषय काढला. "सुधाकरराव, ते माझे पैसे."

"आहेत ना, सुरक्षित आहेत. तुम्हाला काय घ्यायचंय?"

"घ्यायचं नाही. नंदाला द्यायचेत."

हसले. अगदी मोकळं हसले. "आई, तिला काय कमी आहे? कार्ड आहे तिच्याकडं."

आणि खरंच, त्यांना कळलं नाही. मी पुढं काही बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि बाळ बारा दिवसांचं. विषय तिथंच सोडला. बरोबर केलं की चूक, माहीत नाही.

७ ऑगस्ट, मंगळवार.

बाळूला पत्र टाकायला पोस्टात. माझ्या चाळिसातले सुटे. रांगेत पुढं एक गुजराती बाई, बाबागाडीत पोर, हातात पातळ पुस्तक. काचेतून सरकवलं, कारकुनानं शिक्का मारला, पान फाडलं, नोटा मोजून दिल्या. मी बघतच राहिले. तिला हिंदीत विचारलं, हे कसले?

"बच्चे का पैसा, मासी. सरकार देती है. माँ के नाम पे."

"माँ के? बाप के नहीं?"

"नहीं नहीं, माँ के। अर्जी करो, किताब घर पे आती है।"

पोस्टात कार्ड चालत नाही. पण पोस्ट रोख देतं! मी तिथंच खिडकीवर अर्ज मागितला. आयुष्यभर सरकारी अर्ज भरलेत मी, कानडीत, मराठीत, इंग्रजीत, तीन तीन प्रतींत. या बाबतीत कुणी मला हरवू शकत नाही.

८ ऑगस्ट, बुधवार.

अर्ज भरला. नंदाच्या हातानं. मी फक्त शेजारी, चष्मा लावून. यावेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

शेवटी प्रश्न: पैसे कुठं हवेत? बँकेच्या खात्यात, की पुस्तक दाखवून पोस्टात रोख. चौकोनात खूण करायची. खातं म्हणजे त्यांचंच, तिचं वेगळं नाही. नंदाचं पेन थांबलं. पाळण्यात सुजाता कुरकुरली. माझ्या जिभेवर उत्तर होतं, पण परीक्षेत पोरांना उत्तर सांगायचं नसतं. मी खिडकीबाहेर बघितलं. शेजाऱ्यांचं धुणं वाळत होतं. खूण केल्याचा आवाज नसतोच काही. वळून बघितलं तर पोस्टाच्या चौकोनात होती.

मग मी तिला एवढंच म्हटलं, "त्यांना सांग. लपवू नकोस."

"आणि मागितले तर?"

तेव्हा कमरेची चंची सोडून तिला दाखवली. आजीची गोष्ट सांगितली, दादांनी उशाशी हात लावला नाही ती. नंदाला माहीत नव्हती! मीच कधी सांगितली नव्हती. शिकलो, नोकऱ्या लागल्या, पर्सा आल्या. चंची म्हणजे तंबाखूचा वास, अडाणीपणा. ट्रंकेत टाकली. माझ्या हातून राहिलंच हे.

९ ऑगस्ट, गुरुवार.

तिनं जेवताना सांगितलं. सु.राव म्हणाले, "बरं झालं, बाळाच्या दुधाचे होतील. खात्यात येतील ना?"

"नाही. पोस्टात. मी घेईन."

घास थांबला. "कशाला उगाच रांगेत उभं राहायचं?"

"पत्राची तिकिटं तिथंच मिळतात," नंदा म्हणाली.

त्यांनी भाजी वाढून घेतली. नंदाचा हात टेबलाखाली माझ्या हातात होता.

१७ सप्टेंबर, सोमवार.

पुस्तक आलं. वर तिचं नाव, स्वतःचं. आज पहिल्यांदा पोस्टात गेलो तिघी. बाबागाडी मी ढकलली. शिक्का, पान फाडलं, नोटा. चार आठवड्यांनी एकदा मिळणार. नंदानं त्या नोटा हातात धरल्या आणि तिथंच, दारात, चंचीच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. एक गोरी म्हातारी चंचीकडं बघून म्हणाली, सुंदर आहे. नंदा म्हणाली, माझ्या आजीची.

तिकिटापुरते व्हायला लई दिवस लागतील. लागू देत.

२८ सप्टेंबर, शुक्रवार. विमानात.

चंची तिच्याकडंच. माझ्या चाळिसातले उरलेले अठ्ठावीस पौंडही तिच्यात. विमानतळावर सु.रावांनी एक मोठं खोकं दिलं. टेपरेकॉर्डर, मिक्सर, बाळूला घड्याळ, आणि वर पाकिटात सगळ्या पावत्या.

"तुमचे पैसे वाया जाऊ दिले नाहीत, आई. एकूण एक वसूल आहेत. उलट दोन पौंड जास्त झालेत, ते माझे."

इतक्या अभिमानानं म्हणाले. तीन शनिवार दुकानं हिंडले होते म्हणे, कुठं स्वस्त मिळतं बघत. लेकीचं परतीचं तिकीट मांडीवर घेऊन बसलेय, मिक्सरच्या रूपात. हसावं की रडावं. थोडं दोन्ही केलं.

२ ऑक्टोबर, मंगळवार. अनगोळ.

मुंबईत मिक्सरवर जकात भरली. म्हणजे तिकिटावर आणखी तिकीट. बाळू टेपरेकॉर्डरवर जाम खूश. "आक्का, चेक चालला न्हवं मग?"

"चालला," म्हटलं.

"मी म्हनलो न्हवतो, कागूद हाय म्हून? बरं झालं, चाललं."

१९ जानेवारी १९८५, शनिवार.

नंदाचं पत्र. गेल्या तीन महिन्यांतलं अकरावं. आता दर आठवड्याला येतं. सुजाता बसायला लागली. बर्फ पडतंय. सु.राव बरे आहेत. पैशाबद्दल अक्षर नाही. मीही विचारत नाही. तिच्या चंचीत मी तरी कशाला डोकावू? पोस्टमन म्हणाला, "बाई, लेक लई आठवन काढतीया."

५ मे, रविवार.

मिक्सर जळला. पावती आहे, पण लेस्टरची.

११ ऑगस्ट, रविवार.

पाऊस. नंदाचं पत्र, लहान. शेवटी एकच वेगळी ओळ: "चंचीचा गोंडा तुटला होता, नवीन लावला. आता नीट बांधता येत नाही." म्हणजे भरत आली, असं मी समजले. चुकीचंही असेल.

१७ सप्टेंबर, मंगळवार.

आज पाकिटावरचं अक्षर वेगळं. सुधाकररावांचं. सहा वर्षांत त्यांनी मला एकटीला लिहिलेलं पहिलं पत्र. खुर्चीवर बसून उघडलं.

उतरवून ठेवते:

"ती. आईंना सा. न. नंदा डिसेंबरात सुजाताला घेऊन तिकडं येते म्हणते. तिकीट तिनंच काढलं, मला काढल्यावर सांगितलं. मी विचारलं, परतीचं? तर म्हणाली, सध्या जायचंच काढलंय, परतीचं नंतर बघू. पैसे कुठले विचारलं, तर म्हणाली, आमच्यात चंचीत हात घालत नाहीत. आई, ही काय रीत आहे? मी तिला कधी काही कमी केलं का? ती चंची कपाटात खालच्या फळीवर असते. मी एकटा असताना दोन वेळा समोर उभा राहिलो. उघडली नाही. का, ते मला सांगता येत नाही. तुम्ही मोठ्या आहात, काय ते लिहा."

तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त तेवढीच ओळ, "उघडली नाही." चुलीपाशी उभे राहिलेले दादा दिसले. रडू आलं, ते कुणासाठी ते मला नीट कळलं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार.

उत्तराचे दोन मसुदे फाडले. एकात मी मुख्याध्यापिका होते, एकात सासू. दोन्ही नकोत.

बाळू आला होता. त्याला वाचून दाखवलं. मग म्हणाला, "येतीया म्हंजे कायमची येतीया का भेटाय?"

"माहीत नाही."

"इचार की तिला."

"नाही विचारणार."

"का गं?"

का ते बाळूला कळायला हवं होतं. तो त्याच आईचा मुलगा. पण पुरुषांना काही गोष्टी समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाहीत.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

सकाळी पोस्टात जाऊन टाकलं. एवढंच लिहिलं:

"चि. सुधाकरराव यांस आशीर्वाद. होय, आमच्यात अशी रीत आहे. तुम्हाला कुणी सांगितली नव्हती, तरी पाळलीत, म्हणून बरं वाटलं. तुम्ही तिला काही कमी केलं नाहीत. फक्त मागायला लावलंत. डिसेंबरात इथं थंडी चांगली पडते. मागची खोली झाडून, चुना देऊन ठेवते."

किती जणांसाठी, ते लिहिलं नाही.